'जोर संपला' म्हणजे नक्की काय संपतं?

चिंचेचं_बोटुक (धागाकर्ती)

मागच्या गणपतीत घरी गेले होते तेव्हा मावशीने पंगतीत विचारलं, "एमएस्सी फिजिक्स केलंस, अमेरिकेत गेलीस, आणि शेवटी बीएडच करतेयस ना?" पानात उकडीचे मोदक होते म्हणून वाद घातला नाही. पण तेव्हापासून डोक्यात आहे की एकदा सविस्तर लिहावं. मावशी इथे येत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

तर मी पीएचडी करतेय ती भौतिकशास्त्र विभागातच. तिसरं वर्ष. क्वांटम, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, पात्रता परीक्षा, सगळं बाकीच्यांसारखंच रडतखडत पार केलं. फक्त माझ्या संशोधनाचा विषय इलेक्ट्रॉन किंवा दीर्घिका हा नाही, माणसं फिजिक्स कशी शिकतात हा आहे. लॅबमेट लेसर जुळवत बसतात तेव्हा माझ्याकडे एक रेकॉर्डर, कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि समोर बसलेलं एकोणीस वर्षांचं पोर असतं.

एक नमुना सांगते. मुलगा इंजिनिअरिंगचा, मेकॅनिक्सचा कोर्स चांगल्या ग्रेडने सुटलेला. त्याला एक नाणं दिलं आणि म्हटलं, वर उडव, झेल. आता नाणं हातातून सुटून वर जातंय, त्या क्षणी त्याच्यावर कुठली बलं आहेत ते बाणांनी दाखव. हवेचा विरोध सोडून दे. त्याने खाली एक छोटा बाण काढला, गुरुत्वाकर्षण. मग वर एक मोठा बाण. हा कशाचा? "हाताने दिलेला." हात तर केव्हाच सुटला. "हो, पण तो अजून नाण्यात आहे ना." सगळ्यात वरच्या टोकाला त्याने दोन्ही बाण सारखे काढले, म्हणून नाणं क्षणभर थांबतं म्हणे. खाली येताना वरचा बाण बारीक होत गेला. चित्र इतकं सुसंगत होतं की माझ्या तोंडून जवळजवळ "शाब्बास" निघालं असतं. आमच्या मुलाखतीत चूक-बरोबर सांगायचं नसतं, चेहराही हलू द्यायचा नसतो. मी फक्त विचारलं, "हा वरचा बाण कुठे जातो?" तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वापरला जातो."

त्या रविवारी साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. भाचा सातवीत आहे. त्याला म्हटलं, रुपया उडव बघू, खाली का आला? तो सहज म्हणाला, "जोर संपला."

दोघांची भाषा वेगळी, शाळा वेगळी, उत्तर एकच. बरं, हे उत्तर त्यांचंही नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियात फिलोपोनस, चौदाव्या शतकात पॅरिसला ब्युरिदां, या तत्त्वज्ञांनी अगदी असंच मांडलं होतं की फेकणारा वस्तूत काहीतरी भरतो आणि ते तिला पुढे नेतं. खरं उत्तर: वर जाताना, टोकाला, खाली येताना, तिन्ही वेळी एकच बल, खाली ओढणारं, आणि तेवढंच. वर जाण्यासाठी वरचं बल लागत नाही, वेग आधीच आहे. तो कमी करायला बल लागतं. हे मला एमएस्सीपर्यंत 'येत' होतं, पण ते किती विचित्र आहे हे कळायला त्या पोराचा कागद बघावा लागला.

आमच्या क्षेत्राची गंमत अशी की ते असल्याच धक्क्यांतून उभं राहिलं. १९९२ साली हेस्टेनीस, वेल्स आणि स्वॅकहॅमर या तिघांनी बल या संकल्पनेवर साध्या बहुपर्यायी प्रश्नांची एक चाचणी छापली. गणित नाही, सूत्र नाही. चुकीचे पर्याय मात्र विद्यार्थ्यांनी खरोखर दिलेल्या उत्तरांतून उचललेले. प्राध्यापकांना वाटलं, इतके सोपे प्रश्न विचारणं म्हणजे मुलांचा अपमान. मग निकाल आले. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी आपल्या वर्गाला अशी चाचणी दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं होतं की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू, की मी एरवी विचार करते तशी? हा प्रश्न आमच्याकडे तुकोबांच्या अभंगासारखा सांगितला जातो.

असो. आता तुमच्यासाठी एक कोडं. गूगल करायचं नाही.

पाच अगदी सारखे बल्ब आणि तीन सारख्या, नव्याकोऱ्या बॅटऱ्या. पहिल्या बॅटरीला एकटा बल्ब अ. दुसरीला ब आणि क एकामागे एक (एकसर). तिसरीला ड आणि इ शेजारी-शेजारी, दोघांच्या तारा थेट बॅटरीला (समांतर). पाचही बल्ब प्रकाशाप्रमाणे क्रमाने लावा आणि *का* ते सांगा. नुसता क्रम देणाऱ्याला गुण नाहीत.

---

पाटीपेन्सिल

वाचतेय. मावशीचा प्रश्न मला पण पडला होता, आता विचारत नाही. :)

---

उंबरठा

मी बीकॉम, तरी घुसतो. अ सगळ्यात जास्त, कारण एकटा राजा. मग ब. मग क, कारण 'ब'ने आधीच करंट खाल्ला, उरलासुरला 'क'ला. ड आणि इ अर्धा अर्धा वाटून घेणार, म्हणजे 'अ'पेक्षा कमी. म्हणजे अ, ब, (ड, इ), क. द्या गुण.

---

ओहमचा_नियम

उंबरठाशेठ, ब आणि क सारखेच पेटतात. दिवाळीची माळ आठवा, जुनी, सगळे बल्ब एका सरीत असलेली. पहिला लख्ख आणि शेवटचा मिणमिणता असं कधी बघितलंय का? ड, इ अर्धे हे मात्र मलाही पटतंय.

---

चिंचेचं_बोटुक

@उंबरठा, तुमचं उत्तर मी कापून ठेवणार आहे, कारण ते पुस्तकातल्यासारखं आहे. म्हणजे आमच्या पुस्तकातल्यासारखं. :) वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅकडरमॉट आणि पीटर शॅफर यांनी १९९२ मध्ये याच कोड्यावर लिहिलं. कॅल्क्युलससकट फिजिक्स शिकणाऱ्या विद्यार्थ्यांतही अचूक उत्तर देणारे शेकडा पंधराच्या आसपास, आणि प्रकरण शिकवून झाल्यावर विचारा किंवा आधी, आकडा फारसा हलत नाही. किर्चॉफच्या नियमांची लांबलचक गणितं तीच मुलं सोडवतात.

उत्तर: अ = ड = इ, आणि त्यांच्याहून मंद ब = क. ड आणि इ दोघांनाही बॅटरीचा पूर्ण दाब (व्होल्टेज) मिळतो, दुसरा शेजारी आहे की नाही याची त्यांना खबरही नसते. घरात ट्यूब लावली म्हणून पंखा अर्धा होतो का? बॅटरीला मात्र दुप्पट धारा (करंट) द्यावी लागते, ती लवकर उतरते. चुकीचं मूळ इथे असतं: बॅटरी म्हणजे ठरावीक करंटची टाकी, आणि तो वाटून घ्यायचा असं आपण धरतो.

आणि 'ब ने करंट खाल्ला' हे आपल्या भाषेतच बसलेलं आहे. "गीझर फार लाईट खातो" असं आपण रोज म्हणतो. खाल्ली जाते ती ऊर्जा. धारा जेवढी बमध्ये शिरते तेवढीच बाहेर पडून कमध्ये शिरते. पण 'लाईट' या एका शब्दात आपण धारा, दाब, ऊर्जा, बल्ब, बिल आणि महावितरण असं सगळं कोंबतो.

---

गावाकडचा

ताई, थोडं थांबा. आमचं घर डीपीपासून (लाईटच्या ट्रान्सफॉर्मरपासून) सगळ्यात शेवटी आहे. संध्याकाळी पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की आमच्याकडे बल्ब लाल होतो आणि डीपीजवळच्या पाटलांकडे लख्ख. म्हणजे आधीचे खातात आणि शेवटच्याला कमी, हे मी तीस वर्षं बघतोय. तुमचं कोडं खरं का माझं घर?

---

चिंचेचं_बोटुक

@गावाकडचा, तुमची कमेंट वाचून मी खुर्चीतून उठले. दोन्ही खरं आहे. कोड्यात तारांना विरोध नाही असं गृहीत धरलंय. तुमच्या लाईनची तार लांब आहे, तिला विरोध आहे. मोटारी चालू झाल्या की त्या तारेतून भरपूर धारा जाते आणि तारेतच दाब पडत जातो, त्यामुळे शेवटच्या घरापर्यंत व्होल्टेज कमी पोचतं. पाटील तुमची धारा खात नाहीत. त्यांच्या मोटारीमुळे सामाईक तारेवर दाब उतरतो.

नेमकं हेच मला मांडायचं होतं, तुम्ही आयतं दिलंत. मुलं 'चुकीचं' बोलतात तेव्हा बऱ्याचदा त्यामागे एक खरं बघितलेलं घर असतं. आमच्यात यावर दोन गट आहेत, आणि परिषदांमध्ये ते चहाच्या टेबलावरही वेगळे बसतात म्हटलं तरी चालेल. एक गट म्हणतो, या 'चुकीच्या समजुती' आहेत, घट्ट मुळं धरलेल्या, त्या उपटाव्या लागतात. दुसरा बर्कलीच्या आंद्रेया डिसेसा यांच्यामागून गेलेला. त्याच्या मते मुलांच्या डोक्यात एखादा अखंड चुकीचा सिद्धांत नसतो, अनुभवाचे सुटे सुटे तुकडे असतात. 'जवळ गेलं की जास्त', 'जास्त जोर लावला की जास्त परिणाम'. तुकडा स्वतः चूक नसतो, चुकीच्या जागी लावला जातो. शेकोटीजवळ गेलं की गरम होतं हे खरंच आहे. 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते' ही त्याच तुकड्याची फजिती. मी दुसऱ्या गटातली. मार्गदर्शक पहिल्या गटाकडे झुकतात, त्यामुळे आमच्या बैठका लांबतात.

---

आयटीतला_बाप

धागा छान आहे पण व्यवहाराचं बोलू. माझा मुलगा अकरावीत, जेईईच्या क्लासला. फी ऐकून तुमच्या मावशीच्या घशात मोदक अडकेल. क्लासवाले म्हणतात, रोज साठ गणितं सोडवा, संकल्पना आपोआप पक्क्या होतात. सरावाने सगळं येतं हे मला पटतं, मीही तसाच शिकलो. कोड्याचं उत्तर मात्र चुकलो, ते जाऊ दे.

---

चिंचेचं_बोटुक

@आयटीतला_बाप, हा दावा तपासून झालाय. तोही आपल्यासारखीच प्रवेश परीक्षेची झोंबी असलेल्या देशात, दक्षिण कोरियात. २००२ साली युनसूक किम आणि सुंग-जे पाक यांनी सोलमधल्या २७ विद्यार्थ्यांना गाठलं. प्रवेशाच्या तयारीत प्रत्येकाने ३०० ते २९०० गणितं सोडवलेली, सरासरी दीड हजार. त्यांना संकल्पनांचे साधे प्रश्न विचारले. अमेरिकन मुलं जिथे अडकतात तिथेच हीही अडकली, आणि किती गणितं सोडवली याचा समज किती याच्याशी फारसा संबंध दिसला नाही. २७ म्हणजे थोडी मुलं, हे मान्य. पण 'आपोआप' या शब्दाला तडा जायला तेवढी पुरतात.

दुसरं एक काम मला फार आवडतं. १९८१, मिशेलिन ची, फेल्टोविच आणि ग्लेझर. पाठ्यपुस्तकातली गणितं एकेका कार्डावर लिहिली आणि सांगितलं, सोडवू नका, नुसते गट पाडा. पदवीच्या पोरांनी गट पाडले: ही उतरणीची, ही स्प्रिंगची, ही पुलीची. फिजिक्सच्या पीएचडीवाल्यांनी उतरण आणि स्प्रिंग एका ढिगात टाकली, कारण दोन्ही ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटतात. आता मुलाच्या क्लासची वही उघडून बघा. 'टाइप १: पुली, टाइप २: वेज, टाइप ३: लिफ्ट' असं असेल तर क्लास नवशिक्याची नजरच घोटून घेतोय. परीक्षेत नेमका तोच टाइप आला तर त्याचा उपयोग होतो, हेही खरं. मुलाला क्लासमधून काढा असं मी म्हणत नाहीये. साठातली पाच कमी करून त्या वेळात त्याला "का?" विचारा एवढंच.

---

शंकासुर

आता माझी पाळी. परदेशी संशोधनाचा दाखला सगळेच देतात, मग अर्धाच का देता? चिनी मुलं पारंपरिक पद्धतीने, घोकून, गणितं सोडवून शिकतात, आणि तुमच्या त्या बलाच्या चाचणीत अमेरिकन मुलांना धूळ चारतात असं मी वाचलंय. म्हणजे घोकंपट्टी जिंकली. उत्तर अपेक्षित.

---

चिंचेचं_बोटुक

@शंकासुर, बरोबर वाचलंय, आणि ते मला टोचतंच. लेई बाओ आणि सहकाऱ्यांचा 'सायन्स'मधला २००९ चा लेख. कॉलेजात नुकत्याच आलेल्या मुलांत बलाच्या चाचणीत चीनची सरासरी सुमारे ८६ टक्के, अमेरिकेची ४९. चीनमध्ये आठवीपासून बारावीपर्यंत सलग पाच वर्षं फिजिक्स असतं. म्हणजे भरपूर आणि काटेकोर शिकवण्याने संकल्पनाही सुधारतात, हे मान्य करायलाच हवं. 'गणितं सोडवणं व्यर्थ' असं कुणी म्हणालं तर हा लेख त्याच्या तोंडावर मारावा.

पण त्याच लेखाचा दुसरा अर्धा तुम्ही गाळलात. त्याच मुलांना वैज्ञानिक तर्काची चाचणी दिली. एका वेळी एकच गोष्ट बदलून प्रयोग कसा करायचा, प्रमाण कसं लावायचं, असल्या प्रश्नांची. तिथे दोन्ही देश ७५ टक्क्यांच्या आसपास, फरक जवळजवळ शून्य. पाच वर्षांच्या जादा फिजिक्सने फिजिक्स आलं, तर्क करणं वेगळं वाढलं नाही. आता यात 'जिंकलं' कोण, ते तुम्ही फिजिक्स कशासाठी शिकवता त्यावर आहे.

---

खडू_डस्टर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, सहावी ते आठवी विज्ञान. एकवीस वर्षं. मनापासून लिहिलंय म्हणून मीही मनापासून लिहितो.

एक, भाषेचं. 'वेग' आणि 'चाल' वेगळे हे आम्ही शिकवतो, आणि सुट्टीत आम्हीच पोरांना ओरडतो, "अरे वेग कमी कर, पडशील." 'शक्ती' म्हणजे पुस्तकात कार्य करण्याचा दर, घरात बदाम खाऊन येते ती. 'कार्य' तर विचारूच नका. डोक्यावर पोतं घेऊन हमाल नुसता उभा राहिला तर त्याने केलेलं कार्य शून्य, असं मी एकदा सांगितलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग त्याला मजुरी का द्यायची?" त्या पोराचा बाप मार्केट यार्डात हमाली करायचा. मी त्या दिवशी काय उत्तर दिलं ते सांगण्यासारखं नाही.

दोन, प्रयोग. उष्णतेचा धडा घेताना मी विचारलं, बर्फाचा एक खडा ताटलीत उघडा ठेवला आणि एक स्वेटरमध्ये गुंडाळला, आधी कुठला वितळेल? सगळा वर्ग: स्वेटरमधला, स्वेटर गरम असतो ना. करून दाखवलं. उलटं झालं. तेव्हा एक पोरगी म्हणाली, "सर, म्हणून गोळावाला बर्फाची लादी गोणपाटात ठेवतो!" ती रोज ते बघत होती. स्वेटर गरम नसतो, तो फक्त उष्णतेची ये-जा अडवतो, हे तिने सांगितलं, मी नाही.

पण ताई, असा तास वर्षातून चार-पाच वेळा होतो. बाकी वेळ माहिती भरा, फोटो अपलोड करा, सर्वेक्षणाला जा. तुमचं संशोधन शंभर टक्के पटतं, पण ते माझ्या तासाला काय देतं, ते सांगा.

---

पाटीपेन्सिल

हमालाचा किस्सा वाचून थांबले. सर, खरंच काय उत्तर दिलंत?

---

खडू_डस्टर

"गप्प बस" म्हणालो. दुसऱ्या वर्षी नव्या वर्गाला स्वतःहून सांगितलं की पुस्तकातलं कार्य आणि घामाचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नाव एकच पडलंय. स्नायू आतल्या आत आकसत-सैलावत राहतात, त्यांना ऊर्जा लागते, म्हणून माणूस दमतो. पोत्यावर मात्र कार्य होत नाही. तोपर्यंत ते पोर शाळा सोडून गेलं होतं.

---

चिंचेचं_बोटुक

@खडू_डस्टर सर, दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण उगाच काहीतरी द्यायचं नव्हतं.

तुमच्या गोणपाटाच्या तासात सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही दाखवण्याआधी *विचारलंत* ही आहे. माझूर यांच्याच गटाने २००४ मध्ये हे तपासलं. व्याख्यानात प्रयोग नुसता बघितलेली मुलं आणि तो प्रयोग न बघितलेली मुलं यांच्या समजेत फारसा फरक नव्हता. आधी 'काय होईल?' याचा अंदाज नोंदवून मग बघितलेल्यांना तो जास्त कळला. त्याला वर्गातली जेमतेम दोन मिनिटं जादा लागतात. फोटो अपलोड करायला त्याहून जास्त लागतात, हे मला माहीत आहे.

मोठ्या वर्गाचं म्हणाल तर २०११ चा एक प्रयोग आहे, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला. प्रत्येकी अडीचशेहून जास्त मुलांचे दोन वर्ग. एकाला अनुभवी, विद्यार्थ्यांना आवडणारे प्राध्यापक व्याख्यान देत होते. दुसऱ्याला शिकवण्याचा फारसा अनुभव नसलेल्यांनी, पण प्रश्न, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा प्रश्न असं शिकवलं. फक्त एक आठवडा. मग एकच चाचणी. व्याख्यानवाले सरासरी ४१ टक्के, चर्चावाले ७४. मागे कार्ल वीमन होते, ज्यांना २००१ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं आणि जे नंतर सगळा जीव शिकवण्याच्या संशोधनात घालून बसले.

आणि एक तंत्र, जे मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा भारी वाटतं. टेबलावर पुस्तक ठेवलंय. टेबल पुस्तकाला वर ढकलतं का? पोरं म्हणतात, छे, टेबल काय ढकलणार, ते नुसतं *आड येतं*. ॲमहर्स्टच्या जॉन क्लेमंट यांनी यावर पूल बांधायची रीत काढली. आधी असं उदाहरण घ्यायचं जे पोरांना पटतंच: स्प्रिंगवर हात दाबला, स्प्रिंग वर ढकलते ना? हो. बरं, पुस्तक फोमवर ठेवलं तर? ...हो. पातळ लवचिक फळीवर? ती वाकते, म्हणजे... हो. मग जाड फळी? मग टेबल? प्रत्येक पायरीला वर्गात भांडण होऊ द्यायचं. शेवटी एखादं पोर स्वतःच म्हणतं की टेबलही थोडंसं वाकत असेल, आपल्याला दिसत नसेल. इथे काही उपटलं नाही. स्प्रिंगचा तुकडा उचलून योग्य जागी नेऊन ठेवला. मी हे माझ्या ट्युटोरिअलला करते तेव्हा फोमऐवजी कापसाची गादी म्हणते, अमेरिकन पोरांना ती समजावून सांगण्यातच पाच मिनिटं जातात. :)

---

शंकासुर

२०११ चं मान्य. पण माझी पुतणी इंजिनिअरिंगला आहे, त्यांच्या एका मॅडम असलं गटचर्चा प्रकरण करतात. पोरांची तक्रार एकच: मॅडम शिकवतच नाहीत. पोरांना स्वतःला कळतं ना, कुठे शिकलो आणि कुठे नाही?

---

चिंचेचं_बोटुक

नाही कळत, आणि हे मलाही पचायला जड गेलं. हार्वर्डमध्ये २०१९ साली लुई डेलोरियर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच मोजलं. चर्चेच्या तासाला बसलेली मुलं चाचणीत पुढे होती. पण 'आज किती शिकलो असं वाटतं?' यावर त्यांनी *कमी* गुण दिले. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. स्वतः झगडताना आपण किती अडतो ते दिसतं, आणि माणूस त्यालाच 'शिकलो नाही' म्हणतो. पुतणीच्या मॅडमनी पहिल्याच तासाला हे पोरांना सांगून टाकलं तर तक्रारी कमी होतील. (मॅडम खरंच शिकवत नसतील हीही शक्यता आहेच, गटचर्चेच्या नावाखाली डुलकी काढणारे मी पाहिलेत.)

---

लोकलवासी

या सगळ्यात मानखुर्दचं नाव कसं नाही? होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं), १९७४ पासून. विज्ञान शिक्षणात पीएचडी तिथेही होते. सुधीर पानसे, जयश्री रामदास आणि अरविंद कुमार यांचा १९९४ चा एक अभ्यास मला कॉलेजात असताना कुणीतरी वाचायला दिला होता, सापेक्ष गतीबद्दल मुलं काय समजतात यावर. त्यातलं एक डोक्यात राहिलं: मुलांना 'संदर्भ चौकट' (गती कुणाच्या नजरेतून मोजायची ते) म्हणजे एक वस्तू वाटते, आणि वस्तू संपली की चौकटही संपते. मी रोज ठाणे-सीएसएमटी करतो. डब्यात आहे तो गाडीच्या चौकटीत, दारातून हात बाहेर काढला की हात चौकटीबाहेर, असं मलाही आतून वाटतंच. गाडीच्या चौकटीतून तर अख्खं ठाणे स्टेशन मागे पळत असतं.

---

चिंचेचं_बोटुक

@लोकलवासी, चूक माझी, मानखुर्द आधी यायला हवं होतं. माझ्या वाचनाची सुरुवातच तिथल्या कामातून झाली. व्ही. जी. कुलकर्णी तर तिथल्या अगदी सुरुवातीच्या मंडळींतले, आणि शाळेतल्या पुस्तकाची भाषाच मुलाच्या आड येते हा त्यांचा अभ्यासाचा विषय. खडू_डस्टर सरांनी वर लिहिलं ते त्याच वाटेवरचं आहे. तुमचं दारातल्या हाताचं उदाहरण चोरतेय. (डबा चालू असताना हात बाहेर काढू नका, कुठल्याच चौकटीत.)

---

सुपारीचं_खांड

मी टीवायबीएस्सीला आहे. यात यायचं तर काय करू? दोन ओळीत सांगा, ताई.

---

चिंचेचं_बोटुक

फिजिक्स नीट कर, सूट मिळत नाही. कुणाला तरी शिकव आणि त्यांची चुकीची उत्तरं वहीत *जशीच्या तशी* उतरव. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला अख्खा दिवस जातो, ते आवडतंय का बघ. ते आवडलं तर बाकी सगळं जमतं.

---

गावाकडचा

ताई, मी आणि नात बसलो कोडं करायला. बल्बच मिळेना. तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात टॉर्चचे छोटे बल्ब मागितले तर पोरगा हसला, म्हणाला, आता सगळं एलईडी. शेवटी दोन एलईडी आणले, पेन्सिल सेलला जोडले तर पेटतच नाहीत. नात म्हणते, ताईंचं कोडं खोटं.

---

चिंचेचं_बोटुक

अरेरे, हे आधीच लिहायला हवं होतं. या कोड्याला एलईडी चालत नाही. एक तर तो उलटा लावला की पेटत नाही. दुसरं, पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्टच्या आसपास लागतात, दीड व्होल्टच्या सेलने तो डोळाही उघडणार नाही. तारेचा बल्बच हवा. नातीला माझ्यातर्फे सॉरी सांगा.

---

ओहमचा_नियम

@गावाकडचा, सायकलच्या जुन्या दुकानात बघा, डायनामोचे बल्ब कधीकधी डब्यात पडलेले असतात. ते सहा व्होल्टचे, तेव्हा चार सेल एकामागे एक लावा. पाचही बल्ब एकाच जातीचे घ्या, नाहीतर नवी भांडणं. आणि सेल नवे घ्या, जुने असले तर ड आणि इ 'अ'पेक्षा थोडे मंद दिसतील आणि उंबरठाशेठ परत येतील.

---

उंबरठा

आलोच. वाट बघतोय.

---

गावाकडचा

सायकलवाल्याकडे तीन मिळाले, एकाच कंपनीचे. दोनाची सोय आठवडे बाजारात बघतो. तोवर तिघांवर ब-क करून बघितलं. दोघे सारखे, आणि एकट्यापेक्षा मंद. नात म्हणाली, आजोबा, मग आपल्या घराची तार जाड करून मागा.